ध्येयवसाहती

समान जीवनमूल्ये मान्य असलेल्या व्यक्तींनी ती मूल्ये नित्याच्या आचरणात आणण्यासाठी जाणीवपूर्वक वसविलेली आणि सामूहिक नियमांनी चालणारी वस्ती म्हणजे ध्येयवसाहत होय. सामान्य गाव जन्म, नातेसंबंध, जात, शेती, व्यापार अशा कारणांनी आपोआप आकारास येते. ध्येयवसाहतीत मात्र प्रवेश हा निवडीचा भाग असतो. तेथे येणारी व्यक्ती केवळ राहण्याची जागा स्वीकारीत नाही, तर एक जीवनक्रमही स्वीकारते. श्रम, भोजन, मालमत्ता, शिक्षण, उपासना व कुटुंबजीवन यांपैकी काही किंवा सर्व बाबी समूहाच्या निर्णयाखाली येतात. महाराष्ट्रात अशा वसाहतींना बहुधा ‘आश्रम’ हे नाव मिळाले; तथापि एकांतातील साधनेपेक्षा समाजरचनेचा प्रयोग हेच त्यांपैकी अनेकींचे मुख्य प्रयोजन होते.

केवळ आखणी करून बांधलेली वस्ती या संज्ञेत येत नाही. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे याचे चांगले उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानातील ओसाड माळावर कारखान्याबरोबरच कामगारांची नेटकी वस्ती उभारली. स्वच्छता, वाचन आणि कष्टाची प्रतिष्ठा यांचे वातावरण तेथे निर्माण झाले. परंतु वस्तीचा आधार कारखाना हा होता व रहिवाशाचे स्थान त्याच्या नोकरीवर अवलंबून होते. म्हणून तिला उद्योगवसाहत म्हणणे अधिक योग्य ठरते. ध्येयवसाहतीत उद्योग असतात, पण ते मूल्यांच्या सोयीसाठी असतात.

पूर्वपीठिका : सामूहिक जीवनाची कल्पना प्राचीन आहे. बौद्ध भिक्षुसंघाची विनयबद्ध राहणी, ख्रिस्ती मठवासीयांचे नियम, महानुभाव पंथीयांचे मठ ही तिची धार्मिक रूपे होत. टॉमस मोर याच्या यूटोपिया (१५१६) या ग्रंथाने आदर्श समाजाच्या कल्पनाचित्राला यूरोपात नाव मिळवून दिले. औद्योगिक क्रांतीनंतर कामगारवर्गाच्या दैन्याला उत्तर म्हणून अशा समाजाचे प्रत्यक्ष प्रयोग होऊ लागले. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे गिरणी चालविताना कामगारांची घरे, मुलांचे शिक्षण व कामाच्या अटी यांत सुधारणा करणारा रॉबर्ट ओएन (१७७१–१८५८) याने १८२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात न्यू हार्मनी ही वसाहत सुरू केली. तेथे कोणालाही मुक्त प्रवेश होता. परंतु येणाऱ्यांमध्ये श्रमाची तयारी आणि मूल्यांविषयी एकमत नव्हते. दोन वर्षांतच, १८२७ मध्ये, हा प्रयोग संपुष्टात आला. याउलट सामाईक मालमत्तेचे तत्त्व श्रद्धेचा भाग मानणाऱ्या हटराइट पंथीयांच्या वसाहती सोळाव्या शतकापासून टिकून राहिल्या आहेत. पॅलेस्टाइनमध्ये १९१० साली देगानिया येथे किबुत्झ चळवळीचा आरंभ झाला. सामाईक शेती, समान वाटप व सभासदांची लोकशाही सभा हे किबुत्झांचे विशेष होत. तथापि १९८० नंतरच्या दशकातील कर्जबाजारीपणामुळे त्यांपैकी बहुसंख्यांनी पुढे कामानुसार वेगवेगळे वेतन देण्याची पद्धत स्वीकारली.

महाराष्ट्रात आधुनिक काळातील पहिले लक्षणीय प्रयत्न निराधार स्त्रियांसाठी झाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ ही वसाहत उभारली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी आणलेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे राहिल्या. शेती, विणकाम, छपाई यांसारखी कामे स्त्रियाच करीत. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये शहराबाहेर हिंगणे येथे हलविण्यात आला. रमाबाईंच्या कार्याचा पाया ख्रिस्ती श्रद्धेचा व कर्व्यांचा शिक्षणाचा होता. परंतु ज्या स्त्रीला रूढ समाजात सन्मानाची जागा नाही, तिच्यासाठी वेगळी वस्ती निर्माण करावी लागते, ही जाणीव दोहोंत समान होती.

गांधीजींचे प्रयोग : भारतातील ध्येयवसाहतींवर सर्वाधिक प्रभाव मोहनदास करमचंद गांधी (१८६९–१९४८) यांचा पडला. दक्षिण आफ्रिकेत १९०४ मध्ये जोहॅनिसबर्ग-दरबान प्रवासात त्यांनी जॉन रस्किनचा अन्टू धिस लास्ट हा ग्रंथ वाचला आणि त्याच वर्षी दरबानजवळ फिनिक्स येथे वसाहत स्थापन केली. इंडियन ओपिनियन या पत्राचा छापखाना तेथे हलविण्यात आला. १९१० मध्ये हेरमान कालेनबाख या वास्तुशिल्पज्ञ मित्राने जोहॅनिसबर्गनजीक सु. १,१०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तेथील वसाहतीला टॉलस्टॉय फार्म असे नाव मिळाले.

भारतात परतल्यावर १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरब येथे सत्याग्रहाश्रम सुरू झाला. त्याच वर्षी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील दूदाभाई यांच्या कुटुंबास तेथे प्रवेश देण्यात आला आणि आश्रमाची कसोटी लागली. विहिरीच्या पाण्यावरून तंटा झाला. देणग्या बंद पडल्या. आश्रमातील काही स्त्रियांनाही हा निर्णय रुचला नाही. एका धनिकाने नाव न सांगता १३,००० रुपये दिल्याने तात्कालिक संकट टळले. घोषित मूल्य व प्रत्यक्ष सहजीवन यांत किती अंतर असते, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले. १९१७ मध्ये आश्रम साबरमतीच्या काठी हलविण्यात आला. मिठाच्या सत्याग्रहासाठी १२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी तो सोडला व १९३३ मध्ये तो विसर्जित केला.

सेवाग्राम : जमनालाल बजाज (१८८९–१९४२) यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्यास आले. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्यातील मगनवाडी येथून चाले. खेड्यांच्या पुनर्रचनेची भाषा बोलणाऱ्याने खेड्यात राहिले पाहिजे, या विचाराने ३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्यापासून सु. ८ किमी. वर असलेल्या सेगाव येथे राहावयास गेले. गावातील बरीच जमीन बजाज यांच्या मालकीची होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव या नावाशी गोंधळ होऊन टपाल चुकीच्या ठिकाणी जाऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे बदलण्यात आले.

आश्रम स्थापन करण्याचा गांधीजींचा मूळ हेतू नव्हता. त्यांना खेड्यात शक्यतो एकटे राहावयाचे होते. परंतु सहकारी, रुग्ण, अभ्यागत व साधक येत गेले आणि वस्ती वाढत गेली. प्रारंभी सर्वजण ‘आदिनिवास’ या एकाच घरात राहत. पुढे बा-कुटी, बापू-कुटी, महादेव-कुटी इ. निवास झाले. आज बापू-कुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबेन (मॅडलिन स्लेड) यांच्यासाठी बांधलेली होती. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड व कौले असे स्थानिक साहित्य वापरून ही घरे बांधण्यात आली. आसपासच्या शेतकऱ्यास न परवडणारे घर आश्रमीयानेही बांधू नये, हा त्यामागील विचार होता.

सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्तेय, अपरिग्रह, शरीरश्रम, अस्वाद, अभय, सर्वधर्मसमभाव, स्वदेशी व अस्पृश्यतानिवारण या एकादश व्रतांवर आश्रमजीवन आधारलेले होते. पहाटेची व सायंकाळची प्रार्थना, सूतकताई, सामुदायिक स्वयंपाक, शेती, गोपालन आणि सफाई अशी दिनचर्या असे. प्रार्थनेसाठी मंदिर वा सभागृह न बांधता उघडे मैदान ठेवण्यात आले व तेथे विविध धर्मांतील प्रार्थना म्हटल्या जात. शौचालय-सफाई प्रत्येकाकडे येई. ज्या कामामुळे समाजातील एका वर्गास अस्पृश्य ठरविले गेले, ते काम सर्वांनी करणे हाच अस्पृश्यतानिवारणाचा प्रत्यक्ष पाठ मानला जाई. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने पीडित अवस्थेत आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र कुटी बांधण्यात आली व गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत.

आश्रमाभोवती रचनात्मक संस्थांचे जाळे निर्माण झाले. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली आणि १९३८ पासून हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्राम येथे तिचा प्रयोग केला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् यांनी तो दीर्घकाळ चालविला. एखाद्या हस्तव्यवसायाच्या द्वारे गणित, भाषा, निसर्ग व समाज यांचे ज्ञान द्यावे, ही तिची मध्यवर्ती कल्पना होती. १४ जुलै १९४२ रोजी वर्धा येथे भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारतातून निघून जावे अशी मागणी करणारा ठराव केला. त्यामुळे हे लहानसे गाव राष्ट्रीय राजकारणाचेही केंद्र बनले.

तथापि मूळ गावाशी आश्रमाचे नाते अपेक्षेइतके सहज जुळले नाही. हिवताप, अस्वच्छता, कर्ज व जातिभेद यांनी गाव ग्रासलेले होते. गांधीजींना स्वतःलाही १९३६ मध्ये हिवताप झाला. आश्रमीयांनी रस्ते झाडले, तरी गावकऱ्यांची सवय लगेच बदलली नाही. आश्रमात येणाऱ्या थोरामोठ्यांमुळे गाव प्रसिद्धीस आले; मात्र गावाचे स्वावलंबन ही दीर्घ व संथ प्रक्रिया असल्याचे दिसून आले.

गांधीजींनी २५ ऑगस्ट १९४६ रोजी सेवाग्राम सोडले. ते पुन्हा परतू शकले नाहीत. मार्च १९४८ मध्ये येथे भरलेल्या रचनात्मक कार्यकर्त्यांच्या संमेलनातून सर्वोदय समाजाची कल्पना साकार झाली व पुढे सर्व सेवा संघ स्थापन झाला. आश्रमाचा परिसर सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठानने जतन केला आहे. वसाहतीचे मूल्य संस्थेच्या रूपाने पुढे नेण्याचे एक उदाहरण म्हणजे सुशीला नय्यर (१९१४–२००१) यांच्या प्रयत्नांनी १९६९ मध्ये सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय होय. त्याच्या नवागत विद्यार्थ्यांचे परिचय-शिबिर आश्रमात होते व पुढे खेड्यातील कुटुंबांशी त्यांचा संबंध जोडून दिला जातो. नयी तालीमच्या परिसरात २००५ मध्ये आनंद निकेतन ही शाळा सुरू झाली.

पवनार : विनोबा भावे (१८९५–१९८२) १९२१ मध्ये वर्ध्यास आले व १९३८ पासून धाम नदीच्या काठी पवनार येथील परंधाम आश्रमात राहू लागले. शेतात खोदकाम करीत असताना त्यांना भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. ते आश्रमात स्थापन करण्यात आले आहे. १९५०-५१ च्या सुमारास येथे ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग झाला. पैशाचा वापर टाळून, शक्य तेवढे अन्न व वस्त्र स्वतःच्या श्रमाने निर्माण करावे, असा त्याचा आशय होता. बैलांच्या साहाय्याशिवाय, केवळ मानवी श्रमाने केल्या जाणाऱ्या शेतीस ‘ऋषिशेती’ म्हणत. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणात भूदानाचा आरंभ झाला आणि विनोबांचे लक्ष पदयात्रेकडे वळले.

२५ मार्च १९५९ रोजी त्यांनी येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. स्त्रियांनी पुरुषांच्या आश्रयाशिवाय आणि गृहस्थाश्रमाच्या बंधनाशिवाय सामूहिक साधना करावी, असा तिचा हेतू होता. भारतीय परंपरेत संन्यासाचा व ब्रह्मविद्येचा अधिकार प्रायः पुरुषांकडे राहिला. त्यास हे रचनात्मक उत्तर होते. शेती, स्वयंपाक, सफाई व मुद्रण ही कामे भगिनी स्वतः करीत. मैत्री हे हिंदी मासिक येथूनच निघू लागले. या वसाहतीचा विशेष म्हणजे तिला कोणी प्रमुख नाही; निर्णय सर्वसंमतीने घेतले जातात. एकीचा जरी विरोध असला, तरी विषय पुढे ढकलला जातो. ही पद्धत संथ असली, तरी अल्पमताचा पराभव तीत होत नाही. विनोबांच्या निधनानंतर (१५ नोव्हेंबर १९८२) आश्रम चालू राहिला, याचे बरेचसे श्रेय या पद्धतीस द्यावे लागते. मात्र आजीवन ब्रह्मचर्याची अपेक्षा असलेल्या समूहात पुढील पिढी जन्माने मिळत नाही. ती बाहेरून यावी लागते. त्यामुळे येथील संख्या नेहमीच मर्यादित राहिली.

आनंदवन : चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याजवळील ही वसाहत वेगळ्या गरजेतून जन्मास आली. सेवाग्राम व पवनार येथे लोक व्रत म्हणून आले. आनंदवनात प्रथम आलेल्यांना समाजाने घराबाहेर काढलेले होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले होते. वरोडा येथील वकील मुरलीधर देविदास उर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) यांना तुळशीराम नावाचा मरणासन्न कुष्ठरोगी रस्त्यात दिसला आणि प्रथम ते भयाने दूर झाले. या भीतीवर मात करण्याच्या निश्चयातून त्यांच्या कार्याची दिशा ठरली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली.

१९५१ मध्ये शासनाकडून मिळालेल्या ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा आमटे, त्यांच्या पत्नी साधना (१९२६–२०११), दोन लहान मुलगे व सहा रुग्ण राहावयास आले. सोबत एक लंगडी गाय, एक कुत्रा व रोख १४ रुपये होते. विहीर खोदणे, झाडी तोडणे, बांध घालणे ही कामे बोटे झडलेल्या हातांनी करण्यात आली. दानामुळे माणूस परावलंबी होतो आणि श्रमामुळे त्याचा आत्मसन्मान परत येतो, ही बाबांची भूमिका होती. धान्य, भाजी व दूध उत्पादन होऊ लागले, तरी कुष्ठरोग्यांच्या हातचा माल घेण्यास वरोड्यातील लोक आरंभी कचरत. १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक येथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर इमारती बांधू लागले व तेथेच जेवू लागले. गावकऱ्यांची भीती कमी होण्यास त्याची मदत झाली.

पुढे आनंदवनाने बाहेरच्या समाजासच आत आणले. १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वरोडा परिसरातील तरुण शिक्षणासाठी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत येऊ लागले. त्यानंतर कृषी महाविद्यालय, अंध विद्यालय व मूकबधिर विद्यालय या संस्था निघाल्या. हातमाग, सुतारकाम, लोहारकाम, छपाई, शुभेच्छापत्रे यांसारख्या उद्योगांत व्यंगाच्या स्वरूपानुसार काम दिले जाऊ लागले. एकाच्या डोळ्यांनी व दुसऱ्याच्या हातांनी मिळून काम पुरे व्हावे, अशी त्यांची रचना आढळते. आनंदवनाच्या शाखा म्हणून मूल तालुक्यातील सोमनाथ (१९६७) आणि गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प (१९७३) उभे राहिले. सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणीमुळे महाराष्ट्रातील अनेक युवकांना सामूहिक श्रमजीवनाचा अल्पकाळ का होईना, अनुभव मिळाला.

जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारामुळे १९८२ नंतर कुष्ठरोग निश्चित कालावधीत बरा होऊ लागला. भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून राष्ट्रीय पातळीवर २००५ अखेर निर्मूलनाच्या निकषास पोहोचला. कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याची तरतूद करणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कायदेशीर कारणांतून कुष्ठरोग वगळण्यात आला. त्यामुळे आनंदवनापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. बहिष्कृतांसाठी वसविलेल्या गावाचे यश ते गाव अनावश्यक ठरण्यात आहे काय? रोग बरा झाला, तरी व्यंग व कुटुंबापासूनची ताटातूट कायम राहिलेल्या वृद्धांना आनंदवन हेच घर होते. दुसरीकडे अंध, मूकबधिर, अपंग व निराधार यांचा समावेश होऊन वसाहतीचे क्षेत्र विस्तारले. मूळ कारण ओसरल्यावर मूल्याचा अर्थ व्यापक करून वसाहत टिकविण्याचा हा मार्ग होय.

वसाहतीबाहेरील पर्याय : वेगळी वस्ती न करता, राहत्या गावातच समान मूल्यांवर सामूहिक जीवन उभे करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात दोन्ही प्रकार दिसतात. पनवेल तालुक्यातील नेरे येथील शांतिवन ही कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनातून निर्माण झालेली वसाहत आहे. मुंबई-गोवा मार्गावरील तारा येथे युसुफ मेहेरअली केंद्राने (स्थापना १९६१) तेलघाणी, साबण, कुंभारकाम यांसारखे ग्रामोद्योग, आरोग्यसेवा व शिक्षण यांचे कार्य केले आहे. ते समाजवादी व गांधीवादी मूल्यांवर आधारलेले असले, तरी भोवतालची गावे आपापल्या जागी राहूनच त्यात सहभागी होतात. रोहे येथे जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांच्या स्वाध्याय कार्यातील ‘योगेश्वर कृषी’ हा प्रकार याहून निराळा आहे. त्यात गावकरी एका सामाईक शेतात पाळीपाळीने भक्तिभावाने श्रम करतात व उत्पन्न कोणा एकाचे न मानता त्याचा विनियोग गरजूंसाठी होतो. मच्छीमारांच्या ‘मत्स्यगंधा’ नौकांमागेही हेच तत्त्व आहे. येथे सहजीवन वर्षातील काही दिवसांपुरते असते. घर, कुटुंब व खाजगी शेती अबाधित राहतात. त्यामुळे त्यागाची मात्रा कमी, पण सहभागाचा विस्तार मोठा असे दिसते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने ग्रामसभेचे सर्व निर्णय सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजविली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यास सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले व २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ अन्वये ग्रामदानाचा निर्णय घेतला. विनोबांनी आश्रमात जोपासलेली सर्वसंमती व स्वामित्वविसर्जन ही तत्त्वे एका नांदत्या गावाने स्वेच्छेने स्वीकारली, हे या उदाहरणाचे महत्त्व होय.

संघटन व समस्या : ध्येयवसाहतींच्या इतिहासात काही प्रश्न पुनःपुन्हा उद्‌भवतात. पहिला प्रवेशाचा. मुक्त प्रवेशाने न्यू हार्मनी मोडली. अतिकठोर अटींमुळे वसाहत लहान व वृद्ध होत जाते. म्हणून अनेक वसाहतींत काही काळ राहून पाहण्याची मुभा व नंतर सभासदत्व असा क्रम आढळतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा व पैशाचा. सेवाग्रामची जमीन बजाज यांच्याकडून, तर आनंदवनाची शासनाकडून मिळाली. पूर्ण स्वावलंबनाचे ध्येय असले, तरी प्रारंभीचे भांडवल प्रायः बाहेरचे असते आणि देणगीदाराच्या अपेक्षा त्याबरोबर येतात. कोचरब येथील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. शेती व हस्तव्यवसाय यांच्या उत्पन्नातून शाळा वा रुग्णालय चालविणे बहुधा शक्य होत नाही, त्यामुळे अनुदान किंवा देणग्या यांचा आधार घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न श्रमाच्या वाटपाचा. नियमाने सर्व कामे समान असली, तरी स्वयंपाक, रुग्णसेवा व मुलांचे संगोपन यांचा भार स्त्रियांवर अधिक पडण्याची प्रवृत्ती वसाहतींतही राहते. संस्थापकाच्या कुटुंबाने केलेला त्याग पुष्कळदा स्वेच्छेने केलेलाच असतो, असे नाही. कस्तुरबा गांधी व साधना आमटे यांच्या जीवनावरून ध्येयवादी सहजीवनाची किंमत कुटुंबातील स्त्रीने कशी चुकविली, याची कल्पना येते. साधना आमटे यांच्या समिधा या आत्मकथनाचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.

चौथा आणि सर्वांत बिकट प्रश्न अधिकाराचा. बहुतेक वसाहती एका प्रभावी व्यक्तीभोवती उभ्या राहतात. तिच्या हयातीत मतभेद मिटविण्याचे काम तिच्या शब्दाने होते. पश्चात नियम, विश्वस्त, वारस व जुने सहकारी यांच्यात ओढाताण संभवते. पुदुच्चेरीजवळ २८ फेब्रुवारी १९६८ रोजी स्थापन झालेल्या ऑरोव्हिलमध्ये श्रीमाताजींच्या निधनानंतर (१९७३) रहिवासी व मूळ संस्था यांत तीव्र वाद झाला. अखेर १९८८ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून त्यासाठी प्रतिष्ठान निर्माण केले. साबरमती आश्रम गांधीजींनी स्वतःच विसर्जित केला, तर पवनार येथे विनोबांनी हयातीतच प्रमुखपद नाकारून निर्णय समूहाकडे सोपविला. वारशाचा प्रश्न सोडविण्याच्या या दोन भिन्न रीती होत.

पाचवा प्रश्न दुसऱ्या पिढीचा आहे. संस्थापक पिढीने जे निवडले, ते तिच्या मुलांना केवळ वाट्यास येते. शिक्षण, व्यवसाय व विवाह यांसाठी मुले बाहेर पडतात. त्यांना अडविल्यास वसाहतीचे स्वेच्छेचे तत्त्व भंगते आणि न अडविल्यास तिची लोकसंख्या घटते.

मूल्यमापन : ध्येयवसाहतींनी संपूर्ण समाज बदलला नाही, त्यांचे आयुष्यही अनेकदा अल्प ठरले. समाजापासून दूर जाऊन निर्माण केलेला आदर्श हा पलायनवाद होय, असा आक्षेप त्यांवर घेतला जातो. गावातील जात व जमीन यांचे प्रश्न कुंपणाबाहेर ठेवून आत समता आणणे तुलनेने सोपे असते, या टीकेत तथ्य आहे. तथापि टिकाऊपणा हा यशाचा एकमेव निकष मानता येत नाही. अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाबरोबर एका पंगतीत जेवणे, सवर्णाने शौचालय साफ करणे, स्त्रियांनी स्वतंत्र साधनासमूह चालविणे, कुष्ठरुग्णाच्या हातचे अन्न ग्रहण करणे या गोष्टी तत्कालीन समाजास अशक्य वाटत होत्या. लहान प्रमाणावर का होईना, त्या शक्य असल्याचे या वसाहतींनी दाखवून दिले. नयी तालीम, कुष्ठरुग्णांचे श्रमाधिष्ठित पुनर्वसन, सर्वसहमतीची ग्रामसभा या कल्पना त्यांच्या कुंपणाबाहेर पोहोचल्या, यावरून त्यांच्या प्रभावाची व्याप्ती लक्षात येते. जी वसाहत आपले दार उघडे ठेवते, शेजारच्या गावाशी देवघेव राखते आणि मतभेद व्यक्त करण्यास सभासदांना वाव देते, तीच प्रायः संस्थापकानंतरही जिवंत राहते, असे महाराष्ट्रातील अनुभवावरून दिसून येते.